शाकाहारी ताट आणि पिष्टमय पदार्थांचा हिशेब

मधुमेहाचे निदान झालेल्या माणसास आहाराविषयीचा पहिला सल्ला बहुधा दवाखान्याबाहेरच मिळतो. कोणी भात बंद करावयास सांगतो, कोणी गव्हाऐवजी ज्वारी खावयास सांगतो, तर कोणी रात्रीचे जेवणच सोडण्याचा आग्रह धरतो. मांसाहार करणाऱ्यास भाकरी कमी करून मासळी किंवा अंडी वाढविता येतात. शाकाहारी माणसापुढील प्रश्न अधिक बिकट असतो. भात गेला, पोळी गेली, तर ताटात उरते काय? वाटीभर पातळ वरण आणि चमचाभर भाजी. पंधरा दिवस तो अर्धपोटी राहतो, त्यास थकवा जाणवू लागतो आणि तिसऱ्या आठवड्यात पूर्वीचे ताट पुन्हा समोर येते.

हा प्रश्न थोड्या लोकांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख व्यक्तींना मधुमेह असून आणखी सुमारे 13 कोटी 60 लाख व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. माळकरी आणि जैन कुटुंबे, तसेच क्वचितच मांसाहार करणारी असंख्य घरे असलेल्या आपल्या राज्यात पिष्टमय पदार्थ कमी करण्याचा विचार शाकाहारी ताट समोर ठेवूनच करावा लागतो.

पिष्टमय पदार्थ म्हणजे काय?

धान्यातील पिष्ट आणि साखर, गूळ, फळे, दूध यांतील शर्करा यांना मिळून कर्बोदके म्हणतात. पचनानंतर त्यांतील बहुतेक भाग शर्करेच्या रूपाने रक्तात उतरतो. ही शर्करा पेशींमध्ये पोहोचविण्याचे काम इन्सुलिन करते. इन्सुलिन अपुरे पडले, किंवा शरीर त्यास नीट दाद देईनासे झाले, की शर्करा रक्तातच साचून राहते. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ रक्तशर्करा इतक्या झपाट्याने वाढवीत नाहीत. कर्बोदके कमी करण्यामागील तर्क एवढाच आहे.

भारतीय माणूस वरकरणी सडसडीत असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. पुण्याचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. शरीरातील चरबी मात्र इंग्रज सहकाऱ्याची सुमारे 9 टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची सुमारे 21 टक्के भरली. म्हणून 'मी कुठे लठ्ठ आहे?' या प्रश्नाने समाधान मानून चालत नाही.

एका दिवसाचा हिशेब

बैठे काम करणाऱ्या एखाद्या शाकाहारी कर्मचाऱ्याचा दिवस नमुन्यादाखल घेऊ. सकाळी बशीभर पोहे. दोन वेळा दोन दोन चमचे साखरेचा चहा, दुपारच्या चहाबरोबर चार बिस्किटे. दुपारी तीन पोळ्या, मूदभर भात, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी. रात्री दोन पोळ्या, पुन्हा भात, आमटी आणि एखादी भाजी. या जेवणास कोणी चैनीचे म्हणणार नाही. तरीही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांवरून बेरीज केली, तर कर्बोदके सुमारे 300 ग्रॅम आणि प्रथिने केवळ 44 ग्रॅमच्या आसपास भरतात. कर्बोदकांपैकी जवळजवळ 220 ग्रॅम पोहे, पोळी आणि भात या तिघांतूनच येतात. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसास दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. म्हणजे एकीकडे पिष्ट उदंड आणि दुसरीकडे प्रथिने तोकडी, असे हे ताट आहे.

हा एकाच घराचा दोष नव्हे. उपरोक्त पाहणीचा आहारविषयक भाग 2025 साली प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांचा वाटा 12 टक्क्यांच्या घरात राहतो, असे त्यात आढळून आले.

ज्वारीविषयीचा एक गोड गैरसमज

याच पाहणीतील आणखी एक निष्कर्ष अनेकांस रुचणार नाही. पांढरा तांदूळ किंवा मैदा सोडून तेवढ्याच प्रमाणात गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ खाल्ले, पण एकूण कर्बोदके कमी केली नाहीत, तर मधुमेहाचा धोका घटल्याचे दिसून आले नाही. आकडे पाहिले म्हणजे यातील नवल नाहीसे होते. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीत सुमारे 68, नाचणीत 67, गव्हाच्या पिठात 64 आणि बाजरीत 62. ज्वारी आणि बाजरी यांत तंतुमय पदार्थ अधिक आहेत, नाचणीत चुना भरपूर आहे, ही धान्ये कोरडवाहू शेतकऱ्याची आहेत, आणि त्यांचा पुरस्कार व्हावयासच हवा. परंतु दोन पोळ्यांच्या जागी पिठूळ हातांनी थापलेल्या दोन जाडजूड भाकऱ्या आल्या, तर पिष्ट कमी न होता वाढते. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे 34 ग्रॅम कर्बोदके असतात. भाकरी कशाची, हा प्रश्न योग्यच आहे. पण ती किती, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

गुळाच्या बाबतीतही हेच. साखरेऐवजी गूळ घातलेला चहा रक्तशर्करेच्या दृष्टीने साखरेच्या चहासारखाच असतो. मधासही हा नियम चुकत नाही.

परदेशी पथ्य आणि आपली डाळ

पिष्ट वर्ज्य करण्याचा विचार नवा नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थाने पाव, साखर आणि बटाटे सोडून वजन उतरविल्याची हकिकत 1863 साली पुस्तिकारूपाने छापली आणि ती विलक्षण खपली. पुढे 1972 साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने त्याच विचारास पुन्हा चालना दिली. या पथ्यांचा कणा मांस, मासे आणि अंडी हा होता. त्यांची यादी मराठीत उतरवून शाकाहारी माणसाच्या हाती दिली, तर ती निरुपयोगी ठरते.

यातील खरी अडचण डाळींची आहे. शाकाहारी माणसाची प्रथिने मुख्यतः डाळी आणि कडधान्यांतून येतात आणि डाळींत पिष्टही असते. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने आणि सुमारे 55 ग्रॅम कर्बोदके आहेत. मूगडाळ, मटकी, कुळीथ यांची गोष्ट फारशी वेगळी नाही. हरभराडाळ त्या मानाने थोडी बरी. दिवसाला 50 ग्रॅमहून कमी कर्बोदकांचे अतिकठोर पथ्य अलीकडे शहरांतून चर्चेत आहे. ते पाळावयाचे तर दिवसभरातील दोन वाट्या उसळीतच मर्यादा संपत येते आणि मग पनीर, लोणी, सुकामेवा यांखेरीज फारसे काही उरत नाही. असे पथ्य खर्चिक असते, त्यात संपृक्त स्निग्धांश वाढतो आणि घरातील इतरांबरोबर जेवणेही अवघड होते. वैद्यकीय देखरेखीविना ते करू नये.

मध्यम मार्ग मात्र शाकाहारी माणसास पूर्णपणे खुला आहे. टोरांटो येथील डॉ. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेल्या 47 स्थूल व्यक्तींपैकी काहींना चार आठवडे सोयाबीन, गव्हातील प्रथिन, कठीण कवचाची फळे आणि वनस्पती तेले यांवर आधारलेला आहार देण्यात आला. त्यातील कर्बोदके उष्मांकांच्या 26 टक्के होती. इतरांना अधिक कर्बोदकांचा, कमी स्निग्धांशाचा शाकाहार देण्यात आला. वजन दोन्ही गटांचे सारखेच, सुमारे चार किलो, उतरले. परंतु अपायकारक कोलेस्टेरॉल पहिल्या गटात अधिक घटले. प्रयोग छोटा आणि अल्पकाळाचा होता, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढता येणार नाहीत. मांसाविना कर्बोदके कमी करता येतात, एवढे मात्र त्यातून दिसले.

आपल्याकडे इतके खाली उतरण्याची बहुतेकांना गरज नाही. भारतीय पाहणीतील 18,090 प्रौढांच्या आहाराचे विश्लेषण 2022 साली प्रसिद्ध झाले. नव्याने मधुमेह झालेल्यांनी कर्बोदकांचा वाटा सुमारे 49 ते 54 टक्क्यांपर्यंत आणावा आणि प्रथिनांचा 20 टक्क्यांच्या आसपास न्यावा, असे त्यात सुचविले आहे. डाळीतील पिष्टाचे भय बाळगून डाळच कमी करणे हे म्हणूनच चुकीचे होय. कमी करावयाचे ते धान्य, आणि त्याची जागा भरावयाची ती डाळीने.

बदललेले ताट

वर उल्लेखिलेल्या कर्मचाऱ्याचाच दिवस पुन्हा मांडून पाहू. सकाळी पोह्यांऐवजी भिजविलेल्या मूगडाळीची धिरडी आणि बिनसाखरेचा चहा. दुपारी ज्वारीची एक भाकरी, मोठी वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी आणि वाटीभर दही. चहाच्या वेळी बिस्किटांऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्री पुन्हा एक भाकरी, सोयाबीनच्या वड्यांची भाजी, घट्ट वरण आणि काकडीची कोशिंबीर. आता कर्बोदके सुमारे 165 ग्रॅमवर येतात आणि प्रथिने 70 ग्रॅमपर्यंत चढतात. या ताटातून भाकरी हद्दपार झालेली नाही. ती केवळ यजमान होती, ती पाहुणी झाली आहे.

हे ताट बैठे काम करणाऱ्यासाठी आहे. दिवसभर नांगरणी किंवा ऊसतोडणी करणाऱ्याच्या अंगास ते पुरणार नाही. त्यास आणखी भाकरी लागेल आणि ती त्याने खावी.

जेवणाच्या क्रमासही थोडे महत्त्व आहे. आधी कोशिंबीर, उसळ आणि भाजी खाऊन मग भाकरीकडे वळल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी उसळते, असे लहान प्रयोगांतून दिसून आले आहे. शिवाय पोट आधीच निम्मे भरलेले असल्याने दुसरी भाकरी आपोआप राहून जाते.

घरातील एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक करण्याची प्रथा मात्र पडू नये. असे वेगळे पातेले चुलीवर चढविण्याचा भार बहुतेक घरांत एकाच व्यक्तीवर पडतो, आणि महिनाभरात पथ्य मोडते ते याच कारणाने. पदार्थ सर्वांसाठी तेच असावेत. वाढताना प्रमाण बदलावे.

या ताटासाठी बाहेरून काही आणावे लागते असेही नाही. कोकणात कुळथाची पिठी आहे, घाटावर हुलग्याचे माडगे आणि झुणका आहे, विदर्भात पालकात डाळ घालून केलेली डाळभाजी आणि जवसाची चटणी आहे. खानदेशातील कळण्याची भाकरी तर या विषयात सर्वांच्या पुढे गेली आहे. तेथे ज्वारीबरोबर उडीद दळले जातात, त्यामुळे भाकरीतच डाळ येऊन बसते आणि ज्वारीच्या प्रथिनांतील उणीव उडीद भरून काढतात. ज्या घरात पिठाशिवाय चालतच नाही, तेथे ही युक्ती अवश्य उचलावी.

उपवासाचे दिवस

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्यास पोषणशास्त्र कळत होते असे म्हणावयास हरकत नाही. उपवासाच्या ताटातील साबुदाणा, वरई, बटाटा आणि रताळे ही चारही मंडळी पिष्टमय आहेत. त्यांत साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचे जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. शंभर ग्रॅममध्ये सुमारे 87 ग्रॅम कर्बोदके आणि प्रथिने नावापुरतीही नाहीत. एरवी पथ्य सांभाळणाऱ्या माणसाची रक्तशर्करा श्रावणात आणि नवरात्रात बिघडते, ती पुष्कळदा खिचडीच्या भरलेल्या बशीमुळे. खिचडीतील शेंगदाण्याचे कूट हाच काय तो तिच्यातील गुण.

उपवास मोडण्याची यासाठी आवश्यकता नाही. शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, पनीर, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचे भरीत, ओले खोबरे हे सर्व पदार्थ पुष्कळ घरांत उपवासास चालतात. वरईचा भात थोडा आणि आमटी भरपूर, एवढा बदल केला तरी पुरे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने निर्जळी उपवास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

कोणी सावध राहावे?

हा भाग ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण गावात सल्ला विचारला जातो तो त्यांनाच.

इन्सुलिन घेणाऱ्या, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने औषध तेवढेच ठेवून भाकरी एकदम निम्मी केली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे होत. माणूस शुद्धीवर असल्यास त्यास तत्काळ साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता दवाखान्यात हलवावे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदके फार तोडल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका वाढतो. म्हणून आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगणे, ही औपचारिकता समजू नये. गोळी किती कमी करावयाची, हे त्यांनीच ठरवावयाचे असते.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिने वाढविणे हानिकारक ठरू शकते. गर्भवती आणि स्तनदा माता यांनी हे पथ्य आपल्या मनाने करू नये. मुलांचा तर येथे प्रश्नच येत नाही. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यासाठी दिवसाला 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ, तर उच्च प्राथमिक वर्गासाठी 150 ग्रॅम धान्य आणि 30 ग्रॅम डाळ असे प्रमाण ठरलेले आहे. वाढत्या वयास धान्य हवेच. शाळेत लक्ष द्यावयाचे ते ठरलेली डाळ खिचडीत पूर्ण पडते की नाही, याकडे.

शाकाहारी व्यक्तींच्या बाबतीत आणखी एक उणीव दुर्लक्षित राहते. जीवनसत्त्व ब-12 हे वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही; शाकाहारी माणसास ते दूध, दही, पनीर यांतूनच थोडेफार मिळते. पुणे परिसरात झालेल्या अभ्यासांत त्याची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. मधुमेहावर सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ही कमतरता वाढते. हातापायांना मुंग्या येणे हे नेहमीच मधुमेहाचे लक्षण नसते. ते ब-12 च्या अभावाचेही असू शकते आणि साध्या रक्ततपासणीने कळते.

डाळ कोठून आणावयाची?

एवढे सर्व मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, 2013 अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे, आणि या हक्काने लक्षावधी घरांतील चूल पेटती ठेवली आहे. परंतु हा हक्क धान्याचा आहे, डाळीचा नाही. ज्या घरात डाळ आठवड्यातून दोनदा शिजते, तेथील मधुमेही स्त्रीस 'भाकरी कमी करा' असे सांगणे म्हणजे तिला उपाशी राहावयास सांगणे होय. पुष्कळ घरांत ती सर्वांच्या शेवटी जेवते. तोपर्यंत उसळीचे पातेले रिकामे झालेले असते आणि तिच्या वाट्यास भाकरी व चटणी येते. तिच्या रक्तशर्करेचा आकडा आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत चढत राहतो. त्याचे कारण मात्र स्वयंपाकघरात असते. आशा कार्यकर्तीने तपासणीच्या वेळी 'काय खाता?' एवढेच न विचारता 'केव्हा आणि काय उरल्यावर खाता?' हेही विचारावे.

यावर गावात करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. बांधावर तूर आणि पावटा, परसात शेवगा आणि घेवडा, महिला बचत गटामार्फत मटकी-हुलग्याची एकत्रित खरेदी, या साध्या बाबी होत. सोयाबीनचा उल्लेख मात्र स्वतंत्रपणे करावयास हवा. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे 36 ग्रॅम प्रथिने असतात आणि कर्बोदके इतर कडधान्यांच्या तुलनेत अगदी थोडी. मराठवाडा आणि विदर्भ यांतील लक्षावधी हेक्टरांवर हे पीक उभे असते, पण त्याचे तेल गाळले जाते आणि पेंड पशुखाद्यास जाते. शेतकऱ्याच्या ताटात ते क्वचितच पोहोचते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात, म्हणून ते उकडून, वाळवून मगच दळावयाचे असते. नऊ किलो ज्वारी किंवा गहू आणि एक किलो असे सोयाबीन एकत्र दळल्यास भाकरीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. गावातील गिरणीत हे काम होऊ शकते. आज मात्र ज्या गावातून सोयाबीनच्या गाड्या भरून बाजार समितीत जातात, त्याच गावात सोयाबीनच्या वड्यांचे पाकीट किराणा दुकानातून विकत आणावे लागते.